देवांच्या काचांवरची कॉफी

नागपूरच्या उन्हाला नावं ठेवणाऱ्या माणसाशी माझं पटत नाही. मे महिना आला की सगळे नातेवाईक फोनवर आपापल्या गावचं तापमान सांगून हळहळतात. पुण्याची माझी भाची तर दरवर्षी विचारते, "मावशी, तुम्ही तिथं जगता तरी कसे गं?" मी दरवर्षी तिला सांगते की बाई, आम्ही या उन्हात जगत नाही, याच उन्हावर उभे राहिलो. तिला वाटतं, मावशीचं डोकं तापलंय.

काल नवतपा लागला. सूर्य रोहिणीत गेला की जे नऊ दिवस भट्टीसारखे तापतात, ते हे. हुडकेश्वरच्या आमच्या घरी खिडक्यांना जाड पडदे लागले, कूलरमध्ये नवा वाळा भरला गेला, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा गाडीखाली गेलं. आणि आज दुपारी दीड वाजता मी हळूच गच्चीवर गेले. जिन्यातून सून ओरडली, "आई, लू लागन ना तुमाले! काहून जाऊन राहिल्या वर?" काय सांगू तिला? मी हात उंच करून नुसती उभी राहिले. घाम फुटायच्या आत वाळत होता. अशी हवा! कोरडी, करकरीत, कुणाची भीडभाड न ठेवणारी. डोळे मिटले आणि आजूबाजूला कुठेही नसलेल्या कॉफीचा वास मला आला.

हा वास ज्या उन्हाळ्याचा, तो सत्तरच्या दशकातला. आमचं घर तेव्हा टिमकीत, इतवारीच्या अलीकडे, विणकरांच्या गल्लीत होतं. पहाटे गल्लीभर सुताचे ताणे पसरलेले असायचे आणि माणसं मोठमोठ्या कुंच्यांनी त्यांना खळ पाजत चालायची. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. ती प्यायल्यावर सुताला ताकद येते, मागावर ते तुटत नाही. माझ्या लहानपणी त्या ओल्या खळीच्या वासानेच सकाळ व्हायची. त्या वर्षी मात्र गल्ली बरीचशी मोकळी पडली होती. यंत्रमागाच्या स्वस्त लुगड्यांनी हातमाग बंद पाडले होते, आणि संक्रांतीनंतर बाबांचाही माग थांबला.

बाबांचे चुलतभाऊ नामदेवकाका भिवंडीला यंत्रमागावर होते. त्यांच्या मुलीचं लग्न नागपुरात नवतप्यातच ठरलेलं होतं. लग्न आटोपलं की बाबांनी त्यांच्यासोबत भिवंडीला जायचं, असं दोघांचं बोलणं झालं होतं. आमच्या गल्लीतून आधी गेलेली माणसं मी पाहिली होती. पहिल्या वर्षी दिवाळीला आली, मग एक दिवाळी सोडून आली, मग त्यांच्या बायका दारात उभं राहून पोस्टमनला विचारायला लागल्या. मला बाबा घरी हवे होते. एवढी साधी गोष्ट, पण त्या उन्हाळ्यात तिच्यापुढे मला दुसरं काही दिसत नव्हतं. माझ्या लग्नाचं बघत होते, तेही नको वाटत होतं.

आई उन्हाळ्यात पापड, कुरडया, सरगुंडे करून धंतोली आणि अजनीतल्या घरोघरी विकायची. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिच्या एक पक्क्या गिऱ्हाईक होत्या, जानकीअम्मा. मूळच्या तंजावरकडच्या. नवरा रेल्वेत गार्ड होता. नागपुरात इतकी वर्षं काढून त्यांचं मराठी आमच्यासारखं झालं होतं, फक्त स्त्रीलिंग-पुल्लिंगाची त्यांनी कधी पर्वा केली नाही. आम्ही कुरडया घेऊन गेलो तेव्हा अम्मा रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचा मुलगा दूर दिल्लीकडे नोकरीला लागला होता, खोलीवर एकटा राहायचा, आणि घरच्या कॉफीवाचून त्याचे हाल होत होते.

"तो डब्यातला कॉफी पितो, वेणूबाई," अम्मा आईला म्हणाल्या. "गरम पाण्यात टाकला, झाला. पण त्याला ना वास, ना चव. आमचा डिकॉक्शन असा सुकवून पाठवता आला असता तर!"

आईने आयुष्यात कॉफी प्यायली नव्हती. आम्ही चहाची माणसं. पण सुकवण्याची गोष्ट निघाली आणि आई तिच्या स्वभावाला जागली. "अम्मा, नागपूरच्या उन्हात वाळत नाही असं काय हाय जगात? द्या तुमचं ते काळं पाणी. आंब्याच्या पोळीसारखं वाळवून देतो."

आज दुकानात गेलं की कॉफीच्या बाटल्यांच्या रांगा दिसतात. नातू मोबाइलवर मला दाखवतो, कॉफी गोठवून कशी सुकवतात, त्यासाठी केवढी यंत्रं लागतात. मी कौतुकाने बघते. आमच्याकडे यंत्र नव्हतं, पण आमच्याकडे लू होती. सकाळी अकरापासूनच ती वाहायला लागायची आणि सगळं शहर तिच्यापासून तोंड लपवायचं. आम्ही तेवढे तिची वाट बघत गच्चीवर बसायचो.

अम्मांनी बिया घरीच लोखंडी कढईत भाजल्या, हाताच्या यंत्रात दळल्या. त्यांचा पितळी फिल्टर मात्र दोन कपांचा. एवढ्याने काय होणार? आई म्हणाली, पातेल्याला कापड बांधून गाळू. कापड कुठलं? विणकराच्या घरात हा काय प्रश्न झाला! बाबांनी मागावरून उतरलेला शेवटचा कोरा तुकडा फाडून दिला. घट्ट, तलम, एकसारख्या विणीचा. त्यातून कॉफी थेंब थेंब उतरली, आम्ही ती ताटांत ओतली आणि गच्चीवर ठेवली.

संध्याकाळी आईने ताटाच्या कडेला नख लावलं आणि अख्खी पोळी सर्रकन सुटून हातात आली. आम्ही नाचायचंच बाकी होतं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आई आणि मी अजनीला गेलो. अम्मांनी कपात चुरा टाकला, गरम दूध ओतलं, ढवळलं. ढवळता ढवळता त्यांचा चमचा जड झाला. कपात कॉफीच्या रंगाची दाट लापशी झाली होती. अम्मांनी एक घोट घेतला आणि आईकडे बघितलं.

"वेणूबाई, हा पितात का याने लुगडं कडक करतात?"

मला वाटलं, पायाखालची फरशी फाटावी. घरी आल्यावर मी बाबांना अम्मांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी ते ऐकलं, क्षणभर कपाळाला हात लावला, आणि कित्येक दिवसांनी खदखदून हसले. "अवं, खळ! कोऱ्या कापडातली खळ उतरली त्यात!"

कोरं कापड आधी धुवावं लागतं हे जगातल्या कुठल्याही बाईला सुचलं असतं. आम्हाला नाही सुचलं. आमच्यासाठी कापड म्हणजे खळीसकटच कापड. ही चूक फक्त कोष्ट्याच्याच घरी होऊ शकते, आणि सांगायला मला आजही गंमत वाटते.

शेजारच्या काकूंना मात्र ती चूक वाटली नाही. "राहू दे ना वं थोडी खळ," त्या आईला म्हणाल्या. "माल बी वाढते, ताटातून सुटते बी झकास. कोणाले कळते?"

आई भडकली. "अम्माचं पोरगं काय लुगडं हाय, त्याले खळ पाजाले?"

बाबांनी ते कापड सोड्याच्या पाण्यात उकळलं, विहिरीवर नेऊन आपटलं, पुन्हा उकळलं. ज्या माणसाने जन्मभर कापडाला कडकपणा दिला तो आता त्यातला कडकपणा काढत बसला होता. कापड धुऊन धुऊन मऊ पडलं, जुन्या धोतरासारखं. आता कॉफी शुद्ध उतरली. पण शुद्ध कॉफी ताटातून सुटेना! डिंकासारखी चिकटून बसली. आईने सवयीने ताटाला तेलाचं बोट फिरवलं, तर कपात तेलाचे डोळे तरंगले. अम्मांनी तो कप सरळ मोरीत ओतला. लग्न जवळ येत होतं आणि बाबांची ट्रंक माळ्यावरून खाली आली होती.

यापुढचं श्रेय माझं आहे आणि ते मी कुणाला देणार नाही. कावळे बुजावेत म्हणून मी गच्चीवर एक आरसा उभा करून ठेवायची. त्याच्यावर कॉफीचे दोन-चार थेंब उडाले होते. भर दुपारी मी तिथं बसले असताना बारीकसा आवाज आला, टिक्. मग पुन्हा टिक्. पाहते तर थेंब वाळून आपोआप तडकला होता आणि त्याची खपली काचेवरून सुटून आली होती. मी ती जिभेवर ठेवली. विरघळली. कडू, गोड, भाजल्या वासाची. मी गच्चीवरूनच ओरडले, "आई, काच! काच पाहिजे!"

काच विकत आणायची तेव्हा आमची ऐपत नव्हती. आईने घरभर नजर फिरवली आणि ती भिंतीवर थांबली. लक्ष्मी, गणपती, शंकर-पार्वती, बालाजी, पुढे आजोबांचा फोटो. तिने एकेक तसबीर उतरवली, मागचे खिळे काढले, काचा घासूनपुसून लख्ख केल्या आणि उघड्या पडलेल्या देवांना हात जोडले. "थोडे दिवस भागवून घेजा रे देवा. घरचंच काम हाय."

मग जमलं. काय जमलं म्हणून सांगू! अम्मा अजनीहून रिक्षाने येऊन आमच्या गच्चीवर छत्री घेऊन बसायच्या आणि हुकूम सोडायच्या. उकळायचं नाही, उकळलं की कॉफी मेली. दाट हवी तर उतरलेलं पाणी पुन्हा नव्या पुडीवर ओता. सकाळी लवकर सुकायला ठेवायचं नाही, सगळा वास गल्लीला वाटून जातो. लू कडक झाली की मगच काचेवर पातळ हात फिरवायचा, म्हणजे तासाभरात काम आटोपतं आणि वास आतच अडकतो. वर बाबांनी तेच मऊ कापड ताणून बांधलं. धूळ वरच अडायची, ऊन गाळून यायचं. आणि मग दुपारभर तो आवाज, एका काचेवर टिक्, दुसरीवर टिक् टिक्, मग सगळ्याच काचा एकदम बोलायला लागायच्या. बाबा बांबूच्या पातळ कामटीने खपल्या उचलायचे. मागावर तुटलेलं सूत उचलताना त्यांचे हात जसे चालायचे, तसेच. उन्हात धरली की खपली पिकल्या जांभळाच्या रंगाने चमकायची. भरायचं कामही भर दुपारीच, कारण संध्याकाळची गार हवा लागली की ती ओल धरते. इतवारीतून आणलेल्या काचेच्या बाटल्या उकळून, उन्हात तापवून ठेवलेल्या असायच्या. भरली की लगेच बूच. बुचावरून बाबा दोरा गुंडाळून गाठ मारायचे आणि वरून वितळलेलं मेण.

अम्मांनी त्या कॉफीचा पहिला कप घेतला तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक घोट. दुसरा घोट. मग त्यांनी डोळे पुसले. "ही बाटली मी दिल्लीला नाही पाठवणार," त्या म्हणाल्या. "हा आधी मी पिणार." तो माझ्या आयुष्यातला पहिला निकाल, ज्यात मी पहिली आले. अजनीच्या क्वार्टरमधून बाया बाटल्या मागायला लागल्या. पण चार बायांच्या बाटल्यांवर बाबांचं भिवंडीला जाणं थांबणार नव्हतं. दुकान हवं होतं.

सीताबर्डीवर मोतीशेठ म्हणून एकांचं मोठं किराणा दुकान होतं. साहेब लोकांचं गिऱ्हाईक. सुका मेवा, बिस्किटं, कॉफीचे डबे. आई आणि मी गेलो तेव्हा दुकानाच्या मागच्या दाराला वाळ्याची टाटी लावलेली होती, एक माणूस तिच्यावर सारखं पाणी मारत होता, आणि शेठ तिच्या पुढ्यात गारव्याला बसले होते. त्यांनी बाटली हलवली, आवाज ऐकला, आणि मान डोलावली.

"चीज अच्छी आहे बाई. पण या गर्मीत तर ईंट पण सुकी राहते. माझ्या गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचल्यावर याचा गूळ झाला तर?" मग त्यांनी बाटली टाटीच्या अगदी समोरच्या फळीवर ठेवली, जिथं ओल्या वाऱ्याचा झोत दिवसभर यायचा. "ही आठ दिवस इथं राहील. मग या. सुकी निघाली तर बोलू."

सगळ्या नागपुरात त्या दिवसांत एवढी ओली जागा दुसरी नसेल! आई चरफडत परतली. ते आठ दिवस कसे गेले ते विचारू नका. लग्नघर सुरू झालं होतं. पाहुणे आले, मांडव पडला, नामदेवकाका आले आणि बाबांच्या ट्रंकेत काय काय घ्यायचं ते सांगायला लागले. भिवंडीत पाणी कसं असतं, खोलीत किती जण असतात, सगळं. बाबा मान हलवत ऐकायचे. मी मनातल्या मनात त्या बाटलीच्या बुचाला धरून बसलेली असायची.

लग्नाच्याच दिवशी सकाळी आम्ही सीताबर्डीला गेलो. आईला मांडवातून हलता येईना, म्हणून सोबत बाबा आले. बाटली तिथंच होती, बाहेरून थंडगार, काचेवर दव धरलेलं. शेठनी मेण खरवडलं आणि गाठ सोडायला गेले. सुटेना. नखाने बघितलं, दाताने बघितलं. कोष्ट्याची गाठ ती, ताण्यातलं तुटलं सूत जोडायची. सोडायची म्हणून कधी मारलेलीच नसते. शेवटी शेठनी चाकूने दोरा कापला, बूच काढलं आणि बाटली कागदावर उलटी केली.

सळसळत खाली आल्या सगळ्या खपल्या. कोरड्या, सुट्या, जशा गच्चीवर भरल्या तशा. शेठनी बाजूच्या हॉटेलातून गरम दूध मागवलं, कॉफी केली, घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. दुकानातलं एक म्हातारं पारशी गिऱ्हाईक वासाने जवळ आलं आणि म्हणालं, "ए काय आहे? मला पण दे नी."

"किती बाटल्या आहेत तुमच्याजवळ?" शेठनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा बोलले. इथं मला एक सांगितलं पाहिजे. विणकर आपल्या कापडाचा भाव सांगत नाही. तो लुगडं घेऊन इतवारीत जातो, व्यापारी ते उजेडाकडे धरतो, एखादा दोष काढतो आणि भाव बोलतो. विणकर मान हलवतो. बाबांचे वडील मान हलवत आले, बाबा मान हलवत आले. त्या दिवशी मोतीशेठच्या दुकानात बाबा ताठ उभे राहिले, आधी बाटल्या किती ते सांगितलं आणि लगेच, कुणी विचारायच्या आत, बाटलीचा भाव सांगितला.

शेठ हसले. "जरा जास्ती होतंय. इतने में कोण घेणार?" त्यांनी आपला आकडा सांगितला. अगदी तोच सूर, इतवारीतला.

मला वाटलं, संपलं. आता बाबा मान हलवतील. बाबांनी कागदावरच्या खपल्या परत बाटलीत ओतल्या, बूच बसवलं आणि बाटली पिशवीत ठेवली. "राहू द्या शेठ. वापस नेतो."

"अहो, बसा ना! नाराज काहून होता?" शेठ उठून उभे राहिले. पारशीबाबा अजून कप हातात घेऊन तिथंच उभे होते, आणि त्यांनी शेठकडे असं काही बघितलं की शेठ गल्ल्यावरून बाहेरच आले. "ठीक आहे. तुमच्याच भावाने. सगळ्या बाटल्या पाठवा. आणि दर आठवड्याला आणत जा."

"पाऊस लागेपर्यंत आणीन," बाबा म्हणाले. "मग पुढच्या उन्हाळ्यात. ओल्या हवेतला माल मी देत नाही."

ऐकलंत? माल विकत घेणाऱ्याला हा माणूस नाही म्हणत होता! मी शेठच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हसू दाबताना माझे गाल दुखायला लागले. पुढची कित्येक वर्षं, थेट मी दोन लेकरांची आई झाले तोपर्यंत, मोतीशेठनी प्रत्येक उन्हाळ्यात बाबांच्याच भावाने कॉफी घेतली. तिच्यावर घर चाललं, वर्षाचं सूत आलं, पावसाळ्यात माग पुन्हा वाजायला लागला. शहर उन्हाला शिव्या द्यायचं आणि आमच्या घरी ऊन जरा कमी पडलं की आई आभाळाकडे बघून कुरकुरायची.

पण मला आज गच्चीवर आठवत होती ती त्या दिवशीचीच संध्याकाळ. मांडवात पंगत बसली होती. माझ्या हातात वरणाची बादली होती आणि मी बरोबर त्या ओळीत वाढत होते जिथं बाबा आणि नामदेवकाका शेजारी शेजारी बसले होते. काकांनी भातात आळं केलं आणि म्हणाले, "मग, परवाची गाडी हाय बरं. ट्रंक भरली ना गा?"

"दादा, तुमी जा," बाबा म्हणाले. "मी नाही येत."

"काहून गा? काय झालं?"

बाबांनी घास हातातच धरला. "आज माह्या मालाचा भाव मी सांगतला," ते म्हणाले. "अन् त्यानं देल्ला."

काकांना काहीच कळलं नाही. ते वरण मागत राहिले. मी बादली तिथंच पंगतीत ठेवली आणि मागून बाबांच्या गळ्यात पडून हसत हसत रडायला लागले. पाहुणे माना वळवून बघत होते.

"अवं पोरी, लोकं पाहून राहिले ना," बाबा म्हणाले.

"पाहू द्या," मी म्हटलं.